पुण्याहून मेळघाटातल्या आतल्या गावी एस.टी.ने जायचंय? आधी मुक्कामी गाडी शोध

प्रश्न असा आला आहे: "ताई, मी पुण्यात समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्षेत्रकार्यासाठी जूनच्या शेवटी मेळघाटात जायचंय. गाव सेमाडोहच्या आत, हतरूच्या बाजूला आहे. सहा आठवडे राहणार आहे. सगळे म्हणतात परतवाड्याहून जीप करून जा, पण तीन-साडेतीन हजार एका खेपेला परवडणार नाहीत. मी एकटी आहे. एस.टी.ने पोचता येतं का? रेल्वेचं आरक्षण कधीचं करू?"

पोचता येतं. मी गेली एकवीस वर्षं असंच जाते आहे. एक तर मला गाडी चालवता येत नाही, आणि सुरुवातीची दहा वर्षं तरी संस्थेकडे गाडीच नव्हती. आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणासाठी मेळघाटात, कधी धडगावला, कधी भामरागडच्या बाजूला, सगळीकडे रेल्वे, लालपरी, काळी-पिवळी आणि शेवटी दोन पाय. ताई म्हणालीस म्हणून अरे-तुरेच करते.

तू सगळ्यात शेवटी आरक्षणाचं विचारलंस. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि नेमके तिथेच फसतात. पुणे ते बडनेरा (अमरावतीजवळचं रेल्वे स्थानक) हे सातशे किलोमीटर सोपे आहेत. झोपून जायचं, सकाळी उतरायचं. कठीण आहेत ते सेमाडोहच्या पुढचे पंचवीस-तीस. तिथे दिवसाला एखादीच गाडी जाते, आणि ती किती वाजता जाते यावर तुझा बाकीचा सगळा प्रवास ठरतो. म्हणून आखणी गावापासून मागे मागे पुण्याकडे करत यायची. आरक्षण सगळ्यात शेवटी.

आतल्या गावांना जी गाडी जाते ती बहुतेक वेळा मुक्कामी असते. म्हणजे ती डेपोतून दुपारी किंवा संध्याकाळी निघते, अंधार पडता पडता गावात पोचते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावातच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत फिरते. गावकऱ्यांसाठी ही वेळ अगदी बरोबर आहे. पहाटे निघायचं, दवाखाना, तहसील, बँक, बाजार उरकायचा आणि संध्याकाळच्या गाडीने घरी. शहरातून येणाऱ्याला ती उलटी वाटते, कारण आपण सकाळी आत जायचं डोक्यात धरून आलेलो असतो. सकाळी आत जाणारी गाडी शोधत बसू नकोस. जंगलातल्या गावात संध्याकाळी शिरायचं आणि पहाटे बाहेर पडायचं.

आता ही गाडी चालू आहे की नाही ते कसं कळणार? इथे प्रश्न कसा विचारतेस त्यावर सगळं आहे. गावातल्या माणसाला फोन करून "गाडी येते का?" असं विचारलंस तर उत्तर येईल, "हो, येते ना." खोटं कुणी बोलत नाही, त्यांच्या दृष्टीने गाडी येतेच, फक्त गेले बारा दिवस आलेली नाही. त्यामुळे मी असं विचारते: "काल गाडी आली होती का? परवा? रात्री थांबली की पाहुणे उतरवून लगेच परत गेली? सकाळी कितीला निघाली?" काल आणि परवा दोन्ही दिवस आली असेल तर ती चालू आहे. "काल नव्हती आली, पण येईल" असं म्हणाले तर मनातल्या मनात 'नाही' लिहायचं.

फोन कुणाला? तुझ्या संस्थेचा तिथला कार्यकर्ता, आशा ताई (म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका), आश्रमशाळेचे सर, नाहीतर ग्रामपंचायतीचे शिपाई. यातल्या निदान दोघांना. नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. मेळघाटात फोन लागतो तो गावाबाहेरच्या ठरावीक चढावर, आणि तिथे माणसं संध्याकाळी जमतात. दिवसभर फोन लागला नाही म्हणून घाबरू नकोस, सातच्या सुमाराला पुन्हा लाव. तिसरी चौकशी परतवाड्याच्या स्थानकात, तिथल्या वाहतूक नियंत्रकाकडे. हा माणूस फोनवर फार बोलत नाही, पण समोर उभी राहिलीस तर खिडकीतून वाकून सांगतो की आज कोणता ड्रायव्हर लागलाय आणि गाडी किती वाजता फलाटावर लागेल. इंटरनेटवरच्या वेळापत्रकात आतल्या गाड्या सापडल्याच तरी त्यावर तिकीट काढू नकोस. ती नुसती दिशा समजायला ठीक आहेत.

तुझ्या बाबतीत अजून एक गोम आहे. आतल्या बऱ्याच फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात. पुण्यात शाळा जूनच्या मध्यावर भरतात, पण विदर्भात उन्हामुळे त्या उशिरा, जूनच्या शेवटाला सुरू होतात. तू जर पंचवीस जूनच्या आसपास निघालीस तर काही फेऱ्या अजून उन्हाळी सुट्टीवरच असतील. चार-पाच दिवस पुढे ढकलता आलं तर ढकल. संस्थेला कारण सांग, ते समजून घेतील.

समजा चौकशीतून कळलं की गाडी परतवाड्याहून दुपारी तीनच्या आसपास सुटते. (तुझ्या गावची वेळ वेगळी असू शकेल, ही फक्त आकडेमोड करायला.) मग तुला एकपर्यंत परतवाड्यात असायला हवं. दोन तास शिल्लक हवेतच, कारण तिथे जेवायचं आहे, खरेदी करायची आहे आणि गाडी लागल्या लागल्या जागा धरायची आहे. अमरावती ते परतवाडा पन्नासेक किलोमीटर, साध्या गाडीने दीड तास धर. या रस्त्यावर गाड्या भरपूर आहेत, ती काळजी नाही. म्हणजे अमरावती अकराच्या आत सोडायची, आणि बडनेऱ्याला सकाळी आठ-नऊच्या आत उतरायचं.

आता रेल्वे निवडायला सोपं जातं. पुण्याहून हावड्याला जाणारी आझाद हिंद संध्याकाळी निघते आणि पहाटेच्या सुमाराला बडनेऱ्याला टेकते. ती तुझी गाडी. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस लोकांची आवडती आहे, जागाही जरा बरी मिळते, पण ती पुणं रात्री उशिरा सोडते आणि बडनेरा येईतो दुपार होते. त्या गाडीने गेलीस तर मुक्कामी गाडी हमखास चुकते आणि एक रात्र लॉजवर जाते. म्हणजे तिकिटात वाचवलेलं लॉजवाल्याला. थेट अमरावतीपर्यंत जाणाऱ्याही गाड्या पुण्याहून आहेत. त्यांच्यासाठी एकच कसोटी लाव, पोचायची वेळ. काही फार लांबच्या वळणाने जातात.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशे वीस होते, नोव्हेंबर २०२४ पासून निम्मे झाले. जूनचा शेवट म्हणजे सुट्टीवरून परतणाऱ्यांची गर्दी उलट्या दिशेने असते, विदर्भातून पुण्याकडे, त्यामुळे जातानाचं मिळेल. तत्काळ घ्यावं लागलंच तर स्लीपरसाठी आदल्या दिवशी सकाळी अकराला, आणि खात्याला आधार जोडलेलं असू दे. वेटिंगचं तिकीट हातात घेऊन स्लीपरमध्ये चढायचे दिवस गेले, आता उतरवतात किंवा दंड लावतात. जनरलने गेलेच नाही असं नाही. दौंडपर्यंत उभं, अहिल्यानगरनंतर टेकायला जागा, मनमाडला चहा. पण दुसऱ्या दिवशी घाटातून एस.टी. आणि वर चालणं असेल तर रात्रीची झोप हवी. स्लीपरला चारशेच्या आसपास लागतात, जनरलला दोनशेच्या थोडं वर. ते दोनशे रुपये वाचवू नकोस.

पुण्याहून अमरावतीला ट्रॅव्हल्सही रोज सुटतात, संगमवाडीहून वगैरे. दर ठरलेला नसतो, सणाला दुप्पट होतो, आणि "सकाळी सहाला पोचवतो" म्हणणारी बस दहाला पोचली तर तुझं गणित कोलमडतं. एस.टी.ने पूर्ण अंतर करायचं म्हटलं तर स्त्रियांना अर्धं तिकीट असल्यामुळे साधारण पाचशेत होईल, म्हणजे स्लीपरच्या जवळपासच. पण रात्रभर बसून. मी ते एकदा केलं आणि माझ्या पाठीने पुन्हा करू दिलं नाही.

अर्ध्या तिकिटाचा विषय निघालाच आहे तर सांगते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.च्या सगळ्या गाड्यांत महिलांना निम्मं भाडं आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास पडतं, जानेवारी २०२५ च्या वाढीनंतरचा हा हिशोब. म्हणजे अमरावती-परतवाडा तुला पंचेचाळीस-पन्नास, परतवाड्यापासून आतल्या गावापर्यंत सत्तर-ऐंशी. बडनेरा ते अमरावती दहा किलोमीटर, शहर बस नाहीतर शेअर रिक्षा. सगळं मिळून पुण्यापासून गावापर्यंत सहाशेच्या आत-बाहेर. साडेतीन हजारांच्या जीपचं नाव काढायचं कारण नाही. 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चार किंवा सात दिवसांचा असतो, तो तुझ्या कामाचा नाही.

आता परतवाडा. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावं. पूर्वी मूर्तिजापूरला उतरून शकुंतला नावाच्या नॅरो गेजच्या गाडीने अचलपूरला येता यायचं. ती इतकी संथ होती की माणसं उतरून पुन्हा चढायची असं जुने लोक हसत सांगतात. ती आता बंद आहे. तशीच अकोल्याहून खांडव्याला जाणारी मीटर गेजची गाडी मेळघाटाच्या पोटातून जायची. गेज बदलायचं ठरलं तेव्हा व्याघ्र प्रकल्पातून रूळ नकोत म्हणून वाद झाला, आणि तो मार्ग आता जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. सांगायचा मुद्दा, जुन्या ब्लॉगवर किंवा एखाद्या काकांकडून "अकोल्याहून छोट्या गाडीने जा" असं ऐकलंस तर सोडून दे.

परतवाडा ही शेवटची मोठी बाजारपेठ. पुण्याहून तांदूळ-डाळ-साबण लादून आणणारी पोरं मी दरवर्षी बघते. रेल्वेत सांभाळायचं, रिक्षात चढवायचं, एस.टी.च्या दारातून ओढायचं, कशाला? पुण्याहून फक्त कपडे, औषधं, विजेरी, पॉवर बँक, चांगली छत्री आणि रेनकोट आण. बाकी सगळं परतवाड्यात मिळतं आणि स्वस्त मिळतं. पैसे इथेच काढ. दहा-वीस-पन्नासच्या नोटा जास्त घे. आतल्या दुकानात पाचशेची सुटी होत नाही आणि नेटवर्क नसेल तर मोबाईलवरून पैसे देता येत नाहीत. एक सॅक पाठीवर आणि एक छोटी पिशवी हातात, याहून जास्त नको. चाकांची बॅग तर आणूच नकोस. चाकं तिथे कशावर फिरवणार?

माझी पहिली खेप सांगते. जुलै होता. मी बडनेऱ्याला वेळेवर उतरले, अमरावतीत एका ओळखीच्यांकडे नाश्ता केला, गप्पा रंगल्या, मग रेनकोट घ्यायचा राहिला होता तो घेतला. परतवाड्याला पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. मुक्कामी गाडी निघून गेली होती. चूक सगळी माझी. पुण्यात 'ही गेली तर दुसरी' अशी सवय, तीच घेऊन आले होते. मग एका जीपने सेमाडोहपर्यंत गेले, धो धो पाऊस, आणि रात्र तिथल्या एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, दुकानदाराच्या आईबरोबर. आजींनी ज्वारीची भाकरी आणि झुणका वाढला आणि रात्रभर मला विचारत होत्या, "घरी कळवलं का?" कळवलं नव्हतं, फोनच लागत नव्हता. पुण्यात वडील जागे होते. त्यानंतर एक नियम केला. परतवाडा सोडण्याआधी घरी फोन करायचा आणि स्पष्ट सांगायचं की आता उद्या संध्याकाळपर्यंत माझा फोन लागणार नाही, काळजी करू नका. तूही हे कर. घरचे काळजीने संस्थेला फोन करतात, संस्था वनविभागाला, आणि तू मजेत भात खात असतेस.

परतवाड्याहून दोन रस्ते फुटतात. एक चिखलदऱ्याला चढतो, दुसरा घटांगवरून सेमाडोह, कोलकास, हरिसाल करत धारणीला जातो आणि पुढे मध्य प्रदेशात. तुझा दुसरा. गाडीची पाटी नीट वाच. चिखलदऱ्याच्या गाडीत बसलीस तर नजारा सुंदर मिळेल पण गाव मिळणार नाही. सेमाडोह परतवाड्याहून पन्नासच्या आत-बाहेर आहे, पण घाटामुळे वेळ जास्त लागतो. गाडी लागत असेल तर पुढच्या चाकाच्या आसपासची जागा धर, मागचं बाकडं नको. मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ, हे त्या वळणांवर पोटाला कळतं.

गाडीत चढलीस की पहिलं काम, कंडक्टरला सांगायचं की कुठे, कुणाकडे जाणार आहेस. नुसतं गावाचं नाव नाही, माणसाचं. मुक्कामी गाडीचा कंडक्टर हा त्या रस्त्याचा पोस्टमन, बातमीदार आणि अर्धा सरपंच असतो. औषधांची पिशवी, लग्नपत्रिका, कुणाच्या मोबाईलचं चार्जर, आजोबांच्या चष्म्याची दुरुस्त काडी, सगळं त्याच्या सीटखाली असतं. त्याला ठाऊक असतं की तुझ्या सरांचं घर फाट्यापासून आत आहे आणि तिथे कुत्रं सोडलेलं असतं. अंधारात उतरवताना तो कुणाला तरी हाक मारून तुला त्यांच्या हवाली करतो. एकट्या मुलीला याहून चांगली सोबत नाही. म्हणूनच मी भाड्याच्या अनोळखी जीपपेक्षा मुक्कामी गाडीला सुरक्षित समजते.

भाषेचं म्हणशील तर गाडीत कोरकू जास्त ऐकू येईल. ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी किंवा हिंदीशी नातं नाही, त्यामुळे अंदाज बांधता येत नाही. तुझ्याशी लोक हिंदीत बोलतील, मराठी धारणीच्या बाजूला तर आणखी कमी. पुस्तकी मराठीत भरभर प्रश्न विचारू नकोस, हसून मान डोलावतात आणि तुला वाटतं कळलं.

मुक्कामी गाडी बंदच असेल तर बाजाराचा दिवस. प्रत्येक भागाचा आठवडी बाजार ठरलेला असतो, आणि त्या दिवशी आतल्या गावांतून जीपा, टमटम, पिकअप भरून माणसं बाजाराला येतात. दुपारी दोन-तीनच्या पुढे त्याच जीपा भरलेल्या पिशव्या आणि माणसं घेऊन परत जातात. गावात फोन करतानाच विचार, "तुमच्याकडचे लोक कुठल्या बाजाराला येतात आणि कोणत्या वारी?" तो वार धरून प्रवास ठेवलास तर एस.टी. नसली तरी अडत नाही. जीप भरल्याशिवाय हलत नाही, हे गृहीत धर. मधल्या बाकड्यावर बायकांच्यात बस. टपावर किंवा मागे लोंबकळत बसायला सांगितलं तर खाली उतर आणि दुसरी बघ. पावसात ओल्या घाटात ते धाडस करायचं नाही, भले पोरं "रोजचंच आहे" म्हणोत. त्यांचं रोजचं असतं, तुझं नसतं. होळीच्या आसपास कधी परत जाशील तर एक लक्षात ठेव. कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण, बाहेर मजुरीला गेलेले सगळे गावी परततात, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, आणि होळीनंतर रस्त्यात गाड्या अडवून फगवा मागतात. वीस रुपये हसत द्यायचे, त्यात भांडण्यासारखं काही नसतं.

पाऊस. जूनच्या शेवटी त्याची सुरुवात असेल, पण सिपना, खापरा या नद्या आणि त्यांचे नाले फुगायला एक रात्र पुरते. रस्त्यात ठिकठिकाणी रपटे आहेत, म्हणजे बुटके पूल, पाणी वरून वाहून जावं म्हणून बांधलेले. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर ड्रायव्हर गाडी उभी करतो. दोन तास, चार तास, कधी रात्र. गाडीत बसून राहायचं. शेंगदाणे, गूळ, बिस्किटं, पाण्याची बाटली यासाठीच जवळ हवी. काही उत्साही माणसं हातात हात घालून पाण्यातून चालत निघतात. तू जायचं नाही. गुडघाभर दिसणारं पाणी पाय उचलतं, आणि रपट्याची कड कुठे संपते ते गढूळ पाण्यात दिसत नाही. पाणी जसं चढतं तसंच उतरतंही, त्या नद्यांना मैदानातल्यासारखं दिवसेंदिवस भरून राहायची सवय नाही.

शेवटचे तीन-चार किलोमीटर चालायची वेळ आली तर दिवसा, आणि गावातल्या कुणाबरोबर तरी. पुण्यात सगळे तुला वाघाचं विचारतील. १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प आहे, देशातल्या पहिल्या नऊंपैकी, तेव्हा वाघ आहेतच. पण गावकरी घाबरतात ते अस्वलाला. त्याची नजर आणि कान बेताचे, तू अचानक समोर आलीस तर ते दचकून अंगावर येतं. म्हणून बोलत, काठी आपटत चालतात. कानात गाणी घालून चालू नकोस. रस्ता सोडून जंगलात शिरायला वनविभागाची परवानगी लागते, शॉर्टकट कितीही जवळचा दिसला तरी. कॉलेजचं पत्र आणि आधारची प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत वरच्या कप्प्यात ठेव, नाक्यावर विचारलं तर सॅक उपसायला नको.

गाव धारणीच्या पलीकडचं असतं तर मी वेगळा रस्ता सांगितला असता. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने बऱ्हाणपूर, तिथून देडतलाईवरून धारणी. नकाशावर तो जवळचा दिसतो. पण झेलम बऱ्हाणपूरला मध्यरात्रीनंतर टाकते, मध्य प्रदेशाचं स्वतःचं परिवहन महामंडळ २००५ मध्येच बंद झालं, त्यामुळे सगळ्या खासगी बसेस, आणि अर्धं तिकीट नाही. एकट्या मुलीने पहाटेपर्यंत स्टेशनवर बसायचं हे मला पटत नाही. कुणाबरोबर असलीस तर ठीक.

तुझ्याकडे अजून दोन-तीन आठवडे असतील तर एक रंगीत तालीम कर, पुण्यातच. एका शनिवारी वाकडेवाडीच्या स्थानकावरून मंचर, तिथून घोडेगाव, आणि घोडेगावात विचारून आहुप्याची मुक्कामी गाडी पकड. आहुपे आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या जंगलाला लागून, सह्याद्रीच्या अगदी कड्यावर. ट्रेकर मंडळींना ही गाडी चांगली माहीत आहे. रात्री गावात राहा, गावकऱ्यांकडे जेव, रीतसर पैसे दे आणि पहाटेच्या गाडीने परत ये. खर्च दोन-तीनशे. वर सांगितलेलं सगळं त्या एका रात्रीत करून बघता येतं, फोन करून "काल आली होती का" विचारण्यापासून. याच भागात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर कोसळून ते गाव गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते पहिल्यांदा कळलं एस.टी.च्या ड्रायव्हरकडून. तो रोजच्यासारखा गाडी घेऊन गेला आणि त्याला रस्त्यावरून गाव दिसलंच नाही. घोडेगावच्या पुढे गाडी रिकामी झाली की मी कंडक्टरशी बोलत बसते, ते बोलणं कधी ना कधी माळीणवर येतंच.

राहिलं परतीचं. इथे भले भले चुकतात, कारण जाताना सगळे सावध असतात आणि येताना घराच्या ओढीने घाई करतात. पहाटेच्या मुक्कामी गाडीने निघालीस तर दुपारपर्यंत अमरावती सहज, म्हणून लोक त्याच संध्याकाळचं रेल्वेचं आरक्षण करतात. ऑगस्टमध्ये रपट्यावर पाणी असेल तर ती गाडी निघणारच नाही. परतीचं आरक्षण एक दिवस सोडून कर, मधली रात्र अमरावतीत कुणाकडे किंवा धर्मशाळेत काढ. आणि पहाटे गाडी हॉर्न वाजवते ती पाच-सहा मिनिटं. त्या आधी रात्रीच कंडक्टरला जाऊन सांगून ठेव की सकाळी मी आहे. तो झोपतो शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर गाडीतच, शोधावं लागत नाही. सांगून ठेवलं असेल तर तुझ्या दारासमोर थांबून दोनदा जास्तीचा हॉर्न देतो, आणि तरी आली नाहीस तर गावातलं एखादं पोरगं दार वाजवायला पाठवतो.

गावाचं नाव आणि निघायची तारीख पक्की झाली की कळव. त्या बाजूचा बाजार कोणत्या वारी भरतो ते मी माझ्या ओळखीच्या एका आशा ताईंना विचारून सांगते.